रेंजफाइंडरवर पोलरायझर: न बघता फिरवायचा फिल्टर

पोलरायझर म्हणजे चकाकी घालवणारा आणि आकाश गडद करणारा फिल्टर. एसएलआर कॅमेऱ्यावर, म्हणजे लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावर, तो वापरणं सोपं असतं. डोळा लावायचा, फिल्टरचं कडं फिरवत राहायचं आणि आकाश हवं तेवढं गडद झालं की थांबायचं. रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर यातलं काहीच घडत नाही. तुम्ही बघता एका वेगळ्या खिडकीतून, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून, आणि फिल्मवर प्रकाश पडतो लेन्समधून. पुढचा फिल्टर गरागरा फिरवला तरी व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य जसंच्या तसं! मग नवखे लोक एक तर अंदाजानं फिरवतात आणि रोल धुऊन आल्यावर हिरमुसतात, नाहीतर ‘हा फिल्टर आपल्या कॅमेऱ्याचा नाहीच’ म्हणून नाद सोडून देतात.

पण पोलरायझर बघूनच लावावा लागतो असं नाही. प्रत्येक पोलरायझरला एक अक्ष असतो. तो अक्ष कड्यावर ठिपक्यानं दाखवला आणि उजेड कुठून येतोय हे ओळखता आलं, की फिल्टर ठिपका बघून लावता येतो. या लेखाचा निम्मा भाग त्या ठिपक्याबद्दलच आहे.

थोडं विज्ञान, कामापुरतं

सूर्याच्या थेट प्रकाशातली कंपनं सगळ्या दिशांना असतात. हाच प्रकाश पाणी, काच, रंगवलेलं लाकूड किंवा तुकतुकीत पान यांच्यावरून तिरपा परावर्तित झाला, की त्यातली एका दिशेची कंपनं वरचढ होतात. अशा प्रकाशाला ध्रुवित म्हणतात. एत्येन-लुई मालुस या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८०८ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरचं ऊन एका स्फटिकातून पाहताना हा प्रकार टिपला. पोलरायझर एकाच दिशेची कंपनं आत सोडतो. चकाकीची कंपनं त्याच्या अक्षाला आडवी आली की चकाकी अडते आणि मागचा खरा रंग दिसतो.

परावर्तनाचा कोन फार महत्त्वाचा. पृष्ठभागापासून मोजलं, तर पाण्यावर साधारण ३७ अंशांच्या आणि काचेवर ३४ अंशांच्या आसपास चकाकी जवळपास पूर्ण जाते. तळ्यात सरळ खाली वाकून बघितलंत किंवा काचेसमोर अगदी नाकासमोर उभे राहिलात, तर फिल्टर कसाही फिरवा, फरक पडणार नाही. उघड्या धातूवरची चकाकी तर कुठल्याच कोनातून जात नाही. स्टीलचं भांडं किंवा क्रोमचा बंपर हा पोलरायझरचा विषयच नव्हे. मोटारीच्या रंगावरची चमक मात्र जाते, कारण ती वरच्या रंगाच्या थरावरून आलेली असते.

निळ्या आकाशातला प्रकाशही ध्रुवित असतो, पण सगळीकडे सारखा नाही. सूर्यापासून ९० अंशांवर तो सर्वांत जास्त असतो. सूर्याच्या दिशेला किंवा बरोबर त्याच्या पाठीमागे जवळपास नसतोच. ढगांचा प्रकाश ध्रुवित नसल्यामुळे आकाश गडद झालं तरी ढग पांढरेच राहतात आणि उठून दिसतात.

लिनिअर की सर्क्युलर?

रेंजफाइंडरवाल्यांनी या प्रश्नात फार वेळ घालवू नये. पोलरायझर या दोन प्रकारचे मिळतात. लिनिअर म्हणजे साधा, आणि सर्क्युलर म्हणजे लिनिअर पोलरायझर आणि त्याच्या मागे चिकटवलेला आणखी एक थर. हा थर निघाला तो एसएलआरमधल्या अर्धपारदर्शक आरशांसाठी. ध्रुवित प्रकाश त्या आरशांवर पडला की प्रकाश मोजणारा मीटर आणि ऑटोफोकस चुकू शकतात. फिल्म रेंजफाइंडरमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्या मध्ये असा आरसा नसतो. लायका एम६ चा मीटर शटरच्या पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून परतणारा प्रकाश मोजतो, त्याला लिनिअर पूर्ण चालतो. बाहेरचा मीटर वापरणाऱ्यांना तर प्रश्नच नाही. म्हणजे इतरांनी टाकून दिलेले जुने लिनिअर फिल्टर तुमच्या कामाचे. हाताशी सर्क्युलर असेल, तर तोही तितकाच चांगला.

एकच खबरदारी घ्या. सर्क्युलर फिल्टर उलटा धरला तर चकाकी जात नाही, फार तर रंगाची छटा थोडी बदलते. त्यातून डोळ्यानं बघताना आट्यांची, म्हणजे लेन्सवर बसणारी, बाजू नेहमी डोळ्याकडे हवी. लिनिअरला ही अट नाही, तरी सवय हीच ठेवा.

तुमच्याकडचा फिल्टर कोणता हे माहीत नसेल तर आरशासमोर जा. आट्यांची बाजू आरशाकडे करून फिल्टर डोळ्यापुढे धरा आणि त्यातून आरशातल्या फिल्टरकडेच बघा. काच काळी दिसली तर सर्क्युलर, नाही दिसली तर लिनिअर.

विकत घेताना

आधी लेन्सचं माप बघा. रेंजफाइंडरच्या लेन्स छोट्या असतात आणि त्यांची मापंही वेगळीच. लायकाच्या आणि फोक्टलेंडरच्या बऱ्याच लेन्सना ३९ मिमी, ज्युपिटर-८ ला ४०.५, झाइसच्या झेडएम मालिकेतल्या ३५ आणि ५० मिमीच्या एफ/२ लेन्सना ४३, कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ ला ४८ आणि याशिका इलेक्ट्रो ३५ ला ५५. मोठा फिल्टर घेऊन स्टेप-अप रिंगनं (छोट्या लेन्सवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या कड्यानं) सगळीकडे चालवायची युक्ती एसएलआरवर छान चालते. इथे मोठं कडं व्ह्यूफाइंडरचा खालचा कोपरा झाकतं आणि क्वचित फोकस जुळवायच्या छोट्या खिडकीतही डोकावतं. एखाद-दुसरं माप वाढलं तर चालेल, त्यापुढे जाऊ नका.

दुसरी गोष्ट, कड्यावरचे आकडे. हेलिओपानच्या पोलरायझरवर फिरत्या कड्याभोवती आकडे कोरलेले असतात. रेंजफाइंडरवर अशा फिल्टरचं मोल काचेच्या दर्जाइतकंच आहे. आकडे नसतील तर आपण खूण करणारच आहोत, त्यामुळे अडून बसू नका.

जुना फिल्टर घेताना तो उजेडासमोर तिरपा धरून कडेची बाजू तपासा. पोलरायझरमध्ये दोन काचांच्या मध्ये नाजूक फिल्म चिकटवलेली असते. दमटपणामुळे किंवा उष्णतेमुळे ती कडेपासून सुटायला लागते आणि तिथे बुडबुड्यांसारखे किंवा तेलकट डाग दिसतात. असा फिल्टर घेऊ नका, तो दुरुस्त होत नाही. कडं फिरतं का, आणि फिरवून सोडलं की जागेवर थांबतं का, हेही बघा. ढिलं कडं चालता चालता स्वतःच फिरेल आणि व्ह्यूफाइंडरमध्ये तुम्हाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

काही कंपन्यांनी खास रेंजफाइंडरसाठी झुलता पोलरायझर काढला. लायकाचा एम कॅमेऱ्यांसाठीचा आणि मामियाचा मामिया ७ साठीचा हे त्यातले माहितीतले. फिल्टर बिजागरीवर बाहेर वळवून व्ह्यूफाइंडरसमोर आणायचा, त्यातून बघत फिरवायचा आणि पुन्हा लेन्ससमोर बसवायचा. युक्ती उत्तम आहे. पण वस्तू अवजड आहे, आणि छोटा कॅमेरा घेऊन हिंडण्याची मजा त्यात थोडी जातेच. तिच्यावाचून काम होतं, असं माझं मत.

ठिपका कसा लावायचा

हे घरी बसून, एकदाच करायचं काम.

१. दिवसा खिडकीचा उजेड पडलेली चकचकीत फरशी किंवा पॉलिश केलेलं टेबल शोधा. धातूचं नको. थोडं मागे उभे राहून तिरपं बघा.

२. फिल्टर आट्यांची बाजू डोळ्याकडे करून धरा आणि फिरतं कडं हळूहळू फिरवा. चकाकी कमी-जास्त होताना दिसेल. ती सर्वांत कमी होते तिथे थांबा. नेमकी जागा कळत नसेल तर थोडं पुढे जा, थोडं मागे या आणि मधली जागा धरा.

३. आता कड्याचा जो बिंदू वर आहे, घड्याळात १२ असतात त्या जागी, तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. फिरत्या कड्याच्याच बाहेरच्या कडेवर द्या, म्हणजे कॅमेऱ्यामागून वाकून बघता येईल. नेलपॉलिश चालतं. आट्यांच्या कड्यावर चुकूनही लावू नका, ते फिरत नाही.

४. बरोबर समोर, ६ च्या जागी, दुसरा ठिपका द्या. पोलरायझर १८० अंश फिरवला की परिणाम तोच येतो, त्यामुळे दोन्ही ठिपके सारखेच कामाचे.

फिल्टरवर आधीच त्रिकोण किंवा रेघ असेल तरी ही चाचणी करा. सगळ्यांची खूण एकाच अर्थाची असते असं नाही.

ठिपका कुठे ठेवायचा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. नियम तीनच आहेत.

आडव्या पृष्ठभागाची चकाकी घालवायची असेल, म्हणजे पाणी, ओला रस्ता, फरशी, टेबल, तर ठिपका १२ वर.

उभ्या काचेची चकाकी घालवायची असेल, म्हणजे दुकानाची काच किंवा मोटारीची बाजूची खिडकी, तर ठिपका ३ वर. पण आधी काचेच्या एका बाजूला सरका, म्हणजे तुमची नजर काचेवर तिरपी पडेल. पुढची तिरकी काच असेल तर ठिपकाही थोडा तिरका.

आकाश गडद करायचं असेल तर ठिपका सूर्याकडे. सूर्य डावीकडे वर असेल तर ठिपका १० च्या आसपास, उजवीकडे वर असेल तर २ च्या आसपास, डोक्यावर असेल तर १२ वर. सूर्य क्षितिजाजवळ बाजूला असेल तर ९ किंवा ३ वर. एवढंच. सूर्याकडे टक लावून बघायची गरज नाही. आपली सावली ज्या बाजूला पडते, त्याच्या उलट बाजूला सूर्य.

आकाशाचा कोणता भाग गडद होईल हे ओळखायला हात पुरतो. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा तिच्याशी काटकोनात ताठ ठेवा आणि तर्जनी न हलवता मनगट फिरवा. अंगठा जिथून जिथून जाईल, तो आकाशाचा सर्वांत ध्रुवित पट्टा. भर दुपारी हा पट्टा क्षितिजाजवळून जातो, त्यामुळे कुठल्याही दिशेला थोडा परिणाम मिळतो. सकाळ-संध्याकाळ तो डोक्यावरून जातो. तेव्हा सूर्याकडे किंवा सूर्याकडे पाठ करून काढलेल्या फोटोत पोलरायझर फक्त उजेड खातो, देत काही नाही.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हे घड्याळ जगाचं आहे, कॅमेऱ्याचं नाही. कॅमेरा आडवा धरून ठिपका १२ वर ठेवलात आणि मग उभा फोटो काढायला कॅमेरा वळवलात, तर ठिपका ३ किंवा ९ वर गेला. तळ्याची चकाकी जायच्याऐवजी उलट जास्त दिसेल. एसएलआरमध्ये हे लगेच कळतं. इथे रोल धुतल्यावरच कळेल. म्हणून कॅमेरा वळवला की कडं उलट दिशेनं तेवढंच फिरवायचं, ही हाताला सवय लावून घ्या.

जुन्या काही लेन्समध्ये फोकस करताना लेन्सचा पुढचा भागच फिरतो आणि त्याबरोबर फिल्टरही. तुमची लेन्स तशी असेल तर आधी फोकस, मग ठिपका.

डोळ्यानं खात्री करायची असेल तर

ठिपक्याच्या नियमावर लगेच विश्वास बसत नाही, आणि सुरुवातीला बसूही नये. काही दृश्यांत आकाश एक सांगतं आणि पाणी दुसरं, तेव्हा बघूनच ठरवावं लागतं. मग फिल्टर काढून, आट्यांची बाजू डोळ्याकडे ठेवून, त्यातून दृश्य बघा. हवा तो परिणाम आला की वर कोणता आकडा आहे किंवा ठिपका किती वाजता आहे ते लक्षात ठेवा. फिल्टर लेन्सवर बसवा आणि फिरतं कडं त्याच जागी आणा. फिल्टर लेन्सपासून दूर होता, डोळा वेगळ्या उंचीवर होता, याची काळजी करू नका. तुम्ही त्याच दिशेला बघत होता एवढं पुरे.

दर वेळी फिल्टर काढणं-लावणं कंटाळवाणं होतं आणि आटेही झिजतात. माझी शिफारस अशी, की कुठल्याही मापाचा दुसरा एक स्वस्त पोलरायझर घ्या, त्यालाही याच पद्धतीनं ठिपका द्या आणि दोरीला बांधून गळ्यात ठेवा. बघायचं यातून, जुळवायचं त्याच्यावर. तोही नसेल तर पोलराइज्ड गॉगल चालतो. त्याचा अक्ष तुम्ही ताठ उभे असताना उभाच असतो. डोकं हळूच एका बाजूला झुकवत जा. ज्या कलावर आकाश सर्वांत गडद दिसेल, तेवढाच ठिपका १२ पासून त्या बाजूला कलवायचा. रस्त्यात मान वाकडी करून उभ्या असलेल्या माणसाकडे लोक बघतात, तेवढं सोसा.

कॅमेऱ्यामागून कडं फिरवताना शक्यतो घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा. मागून बघताना तीच फिल्टर घट्ट होण्याची दिशा. दुसरीकडे फिरवत राहिलात तर कधीतरी फिल्टरच सुटून हातात येईल.

एक्स्पोजर

पोलरायझर साधारण दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). तुमचा नेमका किती खातो हे मोजायला साध्या, चमक नसलेल्या भिंतीचं रीडिंग घ्या, मग मीटरच्या डोळ्यासमोर फिल्टर धरून पुन्हा घ्या. दोन्हीतला फरक फिल्टरच्या डबीवर लिहून ठेवा. कडं कसंही फिरवलं तरी हा आकडा तोच राहतो. आकाश जास्त गडद झालं म्हणून एक्स्पोजर आणखी वाढवलंत, तर मिळवलेला परिणाम तिथेच गेला.

पुढचं सगळं तुमच्या कॅमेऱ्याचा मीटर कुठे आहे यावर.

लेन्समधून मोजणारे कॅमेरे, म्हणजे लायका एम६, फोक्टलेंडर बेसा आर आणि त्यांच्यासारखे. भरपाई आपोआप होते, तुम्ही काही करायचं नाही.

मीटरचा डोळा लेन्सच्या कड्यातच असलेले कॅमेरे, म्हणजे कॅनोनेट क्यूएल१७ जी-३. फिल्टर डोळ्यालाही झाकतो, त्यामुळे इथेही काही करायचं नाही.

डोळा बॉडीवर असलेले कॅमेरे, म्हणजे याशिका इलेक्ट्रो ३५. मीटरला फिल्टर लागल्याचं कळतच नाही. शटर कॅमेराच ठरवत असल्यामुळे फिल्मच्या वेगाची (एएसए/आयएसओ) तबकडी खाली आणा. ४०० ची फिल्म असेल तर १००, १०० ची असेल तर २५. फिल्टर काढला की तबकडी लगेच जागेवर.

मीटरच नसलेले कॅमेरे, म्हणजे लायका एम३ किंवा फेड-२. हातातल्या मीटरचं रीडिंग घ्या आणि दोन स्टॉप उघडा. कडक उन्हात १०० च्या फिल्मला एफ/१६ आणि १/१२५ लागत असेल, तर पोलरायझरसह एफ/८ आणि १/१२५. रंगीत निगेटिव्हला दोन पूर्ण स्टॉप द्यायला घाबरू नका, जास्त एक्स्पोजर ती सहज पचवते. स्लाइड फिल्मला मात्र मोजलेला नेमका आकडाच.

शेवटच्या दोन्ही प्रकारांत एक धोका आहे. फिल्टर लेन्सवर विसरला तर व्ह्यूफाइंडर काहीच सांगत नाही, तो तितकाच लख्ख दिसतो. फोकस करताना हाच लख्खपणा वरदान असतो, एसएलआरवाल्यांना पोलरायझरमागे अंधारात चाचपडावं लागतं. पण विसरलेल्या फिल्टरसह काढलेले फोटो दोन स्टॉप काळे येतात. काम झालं की फिल्टर काढून डबीत, असा नियमच करा.

कृष्णधवल फिल्म आणि इतर

कृष्णधवल फिल्मवर आकाश गडद करायला लोक पिवळा, नारिंगी किंवा लाल फिल्टर लावतात. त्यात बाकीचे टोनही बदलतात: लाल फिल्टरनं ओठ फिके पडतात, हिरवी पानं काळवंडतात. पोलरायझर आकाश गडद करतो आणि चेहऱ्याचे टोन जवळपास तसेच ठेवतो. दोन्ही एकत्र लावता येतात, पण नुकसानही एकत्र होतं. नारिंगीचे दोन आणि पोलरायझरचे दोन म्हणजे चार स्टॉप. ४०० ची फिल्म नसेल तर अशा वेळी स्टँड लागेल.

रंगीत फिल्मवर मला पोलरायझर आकाशापेक्षा झाडांसाठी जास्त आवडतो. पाऊस पडून गेल्यावर पानांवर आभाळाची पांढुरकी चकाकी असते. ती गेली की खालचा हिरवा रंग भरून येतो. ढगाळ दिवशीही हे जमतं. पानं सगळ्या दिशांना वळलेली असल्यामुळे एकच नेमका कोन नसतो, तरी ठिपका १२ वर ठेवून सुरुवात करा.

२८ मिमी आणि त्याहून रुंद लेन्सवर निळं आकाश चौकटीत असेल तर जपून. २८ मिमीची चौकट आडवी जवळपास ६५ अंश घेते आणि ध्रुवित पट्टा तेवढा रुंद नसतो. मग आकाशाच्या मधोमध गडद डाग पडतो आणि दोन्ही बाजू फिक्या राहतात. ३५ मिमीवर हे कमी, ५० वर क्वचितच. रुंद लेन्स पाण्यासाठी, पानांसाठी वापरायला हरकत नाही.

विमानाच्या खिडकीतून फोटो काढताना पोलरायझर काढून ठेवा, त्या प्लॅस्टिकमध्ये इंद्रधनुषी पट्टे दिसायला लागतात. खऱ्या इंद्रधनुष्यापुढे तर नक्कीच काढा, कारण त्याचा प्रकाशही ध्रुवित असतो आणि ठिपका चुकीच्या जागी असला तर धनुष्याचा तुकडाच गायब होतो. तळ्यात डोंगराचं प्रतिबिंब हवं असेल तेव्हाही फिल्टर नको, नाहीतर हाती फक्त तळाचे दगड लागतील. आणि सगळे परिणाम शेवटपर्यंत ताणायची गरज नसते. ठिपका नियमापासून ३०-४० अंश सरकवला की थोडी चकाकी उरते आणि पाणी पाण्यासारखं दिसतं.

पहिल्या रोलला एक प्रयोग करा. एकाच दृश्याचे तीन फोटो काढा: फिल्टरशिवाय, ठिपका नियमाप्रमाणे, आणि ठिपका त्याच्या काटकोनात. वहीत फ्रेमचा क्रमांक, सूर्याची बाजू आणि ठिपका किती वाजता होता ते टिपा. निगेटिव्ह आल्यावर तिन्ही शेजारी ठेवून बघा. ठिपका चुकीच्या जागी लागला असेल तर तोही इथेच उघडा पडेल, आणि नेलपॉलिश पुसून नवा देता येईल.